इवल्या इशाऱ्याला रिलेची जोड



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत उन्हाळी धानाला पाणी द्यायचं, म्हणजे शेतावरचा पंप आलाच. वीज पुष्कळदा रात्रीची. बॅटरी घेऊन जंगलाच्या कडेनं जायचं, तर वाटेत साप, रानडुक्कर. आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे वाघाचीही धास्ती. तेव्हा पंप आपोआप सुरू व्हावा, ही आपल्याकडे चैनीची गोष्ट नव्हे.

मध्यंतरी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतल्या एका मुलानं असंच यंत्र मांडलं होतं. बांधीतलं पाणी आटलं की लहानशा चिपला ते कळावं, चिपनं हुकूम सोडावा आणि पंपाऐवजी ठेवलेला छोटा दिवा रिलेनं लावावा. पण रिले काही वाजेना. दोन-चारदा खटपट केली, तेवढ्यात चिपचं ते टोकच निकामी झालं. बाबा रात्री शेतावर जातात म्हणून पोरानं हे आरंभलेलं. त्याचा चेहरा उतरला.

चूक कुठे झाली? त्यानं रिले थेट चिपच्या टोकाला जोडला होता. आपण हिशेब करू. त्या टोकावर ३.३ व्होल्टचा इशारा येतो आणि त्यातून दहा-वीस मिलिअँपिअरच प्रवाह घ्यावा. रिलेच्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. ५ व्होल्टच्या साध्या रिलेत त्याचा रोध सुमारे ७० ओहम. म्हणजे त्याला ७० मिलिअँपिअर हवेत. ऐपत वीसची, मागणी सत्तरची!

आता आपला मामा तलाव आठवा. तलावाचं दार उघडणारा माणूस पाणी ढकलत नाही. पाणी आपल्या जोरानं जातं. तो फक्त वाट मोकळी करतो. इथं हे दार म्हणजे ट्रान्झिस्टर. एनपीएन जातीचा, २एन२२२२ सारखा घ्यावा. वेटोळ्याचं एक टोक ५ व्होल्टच्या पुरवठ्याला, दुसरं ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. एमिटर ऋण तारेला. चिपचं टोक ४७० ओहमच्या रोधकातून बेसला. ट्रान्झिस्टर ०.७ व्होल्ट घेतो, उरतात २.६, म्हणजे चिपला द्यावे लागतात फक्त साडेपाच मिलिअँपिअर. बाकीचा भार पुरवठा उचलतो. मात्र चिपची आणि पुरवठ्याची ऋण तार एकमेकींना जोडायला विसरू नका.

आणखी दोन गोष्टी. नळातलं वाहतं पाणी एकदम अडवलं की नळ धडकतो. तसंच वेटोळ्यातला प्रवाह तोडला की उलट धक्का बसतो. पाच व्होल्टचं वेटोळं क्षणभर शंभरावर व्होल्ट उठवू शकतं. म्हणून वेटोळ्यावर १एन४००७ हा डायोड उलटा बसवावा, पट्टीचं टोक धन बाजूला. दुसरं असं की, गेलेली वीज परत आली म्हणजे चिप जागी व्हायला क्षणभर वेळ घेते. तेवढ्यात रिले भलताच वाजू नये म्हणून बेस आणि ऋण तार यांच्यामध्ये १० हजार ओहमचा रोधक घालावा.

शेतकरी बंधूंनो, एवढ्यावर या छोट्या रिलेनं पंपच चालवू नका. पाच अश्वशक्तीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. रिलेचे संपर्क चिकटून बसतील. रिलेनं फक्त स्टार्टरमधल्या काँटॅक्टरला इशारा द्यावा. ती जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. आणि आपोआप सुरू होणाऱ्या पंपाला हात लावण्याआधी मुख्य स्विच बंद करावा. तो केव्हा फिरेल, सांगता येत नाही.

गुरुजनहो, शाळेत मात्र ५ व्होल्टचा दिवाच पुरे. हीच युक्ती जुन्या तारायंत्रातही होती. लांबून येता येता क्षीण झालेला प्रवाह स्वतः काम करीत नसे, तो पुढची बॅटरी जोडून देई. अमेरिकेतल्या जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास असा रिले करून दाखवला होता. थकलेला घोडा बदलून डाक पुढे न्यायची, त्या रीतीवरून रिले हे नाव आलं.

त्या दिवशी दुपारी शाळेतली दुसरी चिप घेतली, ट्रान्झिस्टर आणि डायोड बसवला. मुलानं ओल्या मातीतून तारा उचलल्या. टक् असा आवाज झाला, दिवा लागला. मुलगा म्हणाला, "सर, आता वायरमनकाकांना विचारतो."