सेकंदाला किती चित्रे?

पडद्यावर खरे तर काहीच हलत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे येतात आणि हालचाल आपल्या नजरेत घडते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याची वाढ दिवसादिवसाने टिपली, ती याच भरवशावर. बोलपटात सेकंदाला २४ चित्रे, आपल्याकडच्या दूरचित्रवाणीच्या पद्धतीत २५. संगणकावरच्या खेळात मात्र ६० मिळाली म्हणजे हात आणि नजर जुळते. याला फ्रेम रेट म्हणतात.

देवगाव फाट्यावर लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग करणारा एक तरुण आहे. मला म्हणाला, ‘‘चाचा, रात्री गेम खेळताना लई अडकतो. वडील कापसाच्या पैशातून नवं ग्राफिक्स कार्ड घे म्हणतात. घेऊ का?’’ मी कवितेचा माणूस. पण मात्रा मोजायची सवय आणि संगणक उघडून बघायची खोड, दोन्ही जुन्या.

लग्नाचा व्हिडिओ म्हणजे कवितासंग्रह. संगणक मंद असला तर रात्रभर वेळ घेईल, पण तयार फितीत एक चित्र कमी पडणार नाही. खेळ म्हणजे कलगी-तुऱ्यातला सवाल-जवाब. उत्तर तिथल्या तिथे हवे. साठ चित्रे म्हणजे एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद. सरासरी चांगली असूनही मध्येच एखादे चित्र उशिरा आले, की मात्रा तुटल्यासारखा झटका बसतो.

काम दोघांत वाटलेले असते. कोण कुठे उभा, गोळी कुठे लागली, हे प्रोसेसर ठरवतो. रंगवते ग्राफिक्स कार्ड. १९२० बाय १०८० च्या एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. साठ चित्रांचे १२ कोटींवर जातात. जोडीतला जो बैल मंद, त्याच्या चालीने गाडी चालते. तो ओळखायची युक्ती फुकटची आहे. सेटिंगमध्ये ठिपके कमी करून १२८० बाय ७२० करावेत. चित्रांचा आकडा वाढला तर कार्ड दमत होते. जागचा हलला नाही, तर अडचण बहुधा प्रोसेसरची. नव्या कार्डाने फरक पडणार नाही.

त्याचा आकडा वाढला. म्हणजे कार्डच. पण एक गोष्ट मला खटकत होती. पहिली दहा मिनिटे खेळ सुरळीत चाले, मग अडखळे. कार्ड मुळातच कमी पडत असते तर पहिल्या मिनिटापासून अडखळले असते. कॅबिनेट उघडले. पंख्यावर धुळीचा थर. परभणीचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो, वर पत्र्याचे दुकान. चिप फार तापली की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते. मऊ ब्रशने धूळ काढली, पाते बोटाने धरून. (पंक्चरवाल्याची हवा मारू नये, तिच्यात पाणी असते.) कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. त्या रात्री खेळ तासभर चालला.

कार्ड घेतले नाही. शिवाय त्याचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रेच दाखवतो. शंभर तयार झाली तरी सगळी दिसली नसती. आता मिक्सिंगसाठी रॅम वाढवायची म्हणतो. एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन घे, एवढे मी त्याला सांगून ठेवले आहे.