जनित्राच्या पाटीवरचा अँपिअर

भोर आणि वेल्हे हे वीज निर्माण करणारे तालुके. वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे. भाटघर धरणाच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे, तसंच पानशेत आणि वरसगावलाही आहे. तरीही ऐन लग्नसराईत वळवाचं वादळ आलं, एखादं झाड तारांवर कोसळलं, की याच डोंगरातल्या वाड्या-वस्त्या अंधारात जातात. मग मंगल कार्यालयात, भातगिरणीत, दवाखान्यात डिझेलवरचं जनित्र धडधडू लागतं.

या जनित्रावर धातूची एक छोटी पाटी असते. समजा, तिच्यावर लिहिलं आहे: २५ केव्हीए, ४१५ व्होल्ट, ३ फेज, पॉवर फॅक्टर ०.८, ३५ अँपिअर. यातल्या ‘३५ अँपिअर’चा अर्थ काय? कुणी म्हणतं, तीन फेज मिळून ३५, म्हणजे एकेका फेजला बारा-एक. कुणी म्हणतं, तीन फेजचे मिळून १०५ अँपिअर, ते कुठूनही घ्यावेत. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. प्रत्येक फेजला ३५ अँपिअरपर्यंत प्रवाह घेता येतो. मात्र एका फेजची शिल्लक दुसऱ्या फेजला वापरता येत नाही.

हिशेब अगदी साधा आहे. २५ केव्हीए म्हणजे २५,००० व्होल्ट-अँपिअर. त्याला ४१५ने आणि १.७३२ने भागलं, की सुमारे ३५ येतात. १.७३२ हे तीनचं वर्गमूळ. तीन फेजच्या हिशेबात ते येतंच.

आता जनित्राच्या दोन मर्यादा लक्षात घेऊ. एक इंजिनाची. ती किलोवॅटमध्ये मोजतात. २५ केव्हीएला ०.८ने गुणलं की २० किलोवॅट. दुसरी मर्यादा आतल्या तांब्याच्या गुंडाळीची, म्हणजे वाइंडिंगची. ती अँपिअरमध्ये मोजतात, आणि प्रत्येक फेजची गुंडाळी वेगळी असते.

गफलत होते ती इथंच. मांडववाल्यानं १० किलोवॅटचे दिवे सोयीसाठी एकाच फेजवर जोडले. इंजिनावर भार निम्माच. आवाज बदलत नाही, धूर वाढत नाही. चालवणारा कानानं अंदाज घेतो आणि निश्चिंत बसतो. पण २४० व्होल्टला १० किलोवॅट म्हणजे त्या एका फेजमधून जवळजवळ ४२ अँपिअर वाहत असतात. प्रवाह २० टक्के जास्त, पण उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते, म्हणजे ४४ टक्के जास्त! गुंडाळीवरचं इन्सुलेशन हळूहळू करपतं. ते आज ना उद्या दगा देणार, आणि अंधार होणार तो नेमका गरजेच्या वेळी.

असा भार वाढला की ब्रेकर पडतो. तो वारंवार पडतो म्हणून काही जण त्याच्या जागी मोठा ब्रेकर बसवतात. म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधून ठेवायचं, आणि चोराला दार मोकळं!

भातगिरणीची गोष्ट निराळी. तिथली १० अश्वशक्तीची तीन फेजची मोटर चालू असताना साधारण १४-१५ अँपिअर घेते. पण थेट सुरू केली तर पहिले काही क्षण त्याच्या पाच-सहापट घेते. २५ केव्हीएच्या जनित्राला हा धक्का जड जातो. व्होल्टेज खाली येतं, दिवे मंदावतात. मोटर त्या जोडणीची असेल तर स्टार-डेल्टा स्टार्टरनं सुरुवातीचा हा प्रवाह सुमारे एक-तृतीयांशावर आणता येतो. मोठी मोटर आधी सुरू करावी, बाकीचा भार नंतर चढवावा.

तेव्हा जनित्र भाड्यानं घेताना ‘किती केव्हीए’ एवढंच विचारून थांबू नका. पाटीवरचा अँपिअरचा आकडा वाचा. दिवे, पंखे, स्पीकर तीनही फेजवर सारखे वाटून घ्या. आणि भार चढल्यावर वायरमनकडून टाँग टेस्टरनं तीनही तारांमधला प्रवाह मोजून घ्या. सगळ्यांत मोठा आकडा पाटीवरच्या आकड्याच्या आत हवा, आणि सतत चालवायचं असेल तर थोडा राखूनच. भाटघरच्या मोठ्या जनित्राला आणि मांडवामागच्या छोट्या जनित्राला नियम एकच: इंजिनाचं ऐकावं, पण गुंडाळीचं मोजावं.