निवडणूक आणि विजेचे बिल



अमेरिकेत पेट्रोलचा भाव चढला की राष्ट्राध्यक्षाची खुर्ची डळमळते म्हणतात. आपल्याकडे ते काम वीज करते. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प समुद्रात बुडवू, ही घोषणा 1995 च्या प्रचारात गाजली. सरकार बदलले, करार रद्द झाला. पुढल्याच वर्षी प्रकल्प नव्या कराराने परत आला. 2004 साली निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांची वीज मोफत झाली. मते पडली, आणि 2005 साली सवलत गेली. 2024 च्या जुलैत, विधानसभेच्या मतदानास चार महिने उरले असता, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल पुन्हा माफ झाले. या खेपेस मुदत मार्च 2029 पर्यंत आहे.

शेतकऱ्याला सवलत नको, असे आम्ही कामगार संघटनेची माणसे कशाला म्हणू? पण बिल नाहीसे होत नाही. ते सरकारी तिजोरीकडे जाते, आणि तिजोरीत चपलेचा जोड घेणाऱ्या शेतमजुराचाही कर असतो. त्याच्याजवळ ना विहीर, ना पंप.

शिवाय वीज येते केव्हा? जिंतूर-सेलूकडचा शेतकरी वर्षानुवर्षे आठवड्याच्या पाळीने मध्यरात्री बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून पाणी द्यायला जात आला. कारखान्यात आम्ही रात्रपाळीचा भत्ता मागतो. याला रात्रपाळी आहे, भत्ता नाही! दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना 2017 साली निघाली. आपल्या गावच्या फिडरवर ती केव्हा येणार, हे उमेदवाराला भर सभेत विचारणारा एक तरी माणूस उठला पाहिजे.