विष्णूची चोवीस रूपे आणि आपला केशव

(मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल कळस चढला. ज्याने पैसा दिला त्याने पैसा दिला, ज्याच्याजवळ पैसा नव्हता त्याने ट्रॅक्टरभर रेती टाकली, कुणी आपल्या बैलजोडीने दगड ओढले, आणि घराघरांतल्या बायांनी मजुरांच्या भाकरी थापल्या. या सर्वांची नावे पुस्तिकेत येणार आहेतच. मला समितीने 'आपले दैवत' असा विषय दिला आहे. तेव्हा गाभाऱ्यात जी मूर्ती उभी आहे ती कोणाची, हे आज आपण जरा नीट पाहू.

आता तुम्ही म्हणाल, यात पाहायचे काय? आपला देव बालाजी. आजे-पणजे बालाजीच म्हणत आले. ते खरेच आहे, आणि ते नाव कुणी बदलावे असे मी सुचवणार नाही. पण जीर्णोद्धाराचा पुढचा टप्पा म्हणून श्रींना चांदीचे हात, पूर्ण कवच, मागे चांदीची प्रभावळ आणि कपाळी मोठे नाम करावे, म्हणजे देव तिरुपतीसारखा दिसेल, असा विचार चालू आहे. देणगीदारांची भावना उदात्त आहे. चांदीही जमली आहे. सोनाराकडे जाण्यापूर्वी सर्वांनी एकदा देवाच्या हातांकडे पाहावे, एवढ्यासाठी मी आज उभा आहे.

विष्णूला चार हात. चार हातांत चार वस्तू: शंख, चक्र, गदा, पद्म. या चार वस्तू चार हातांत किती तऱ्हांनी मांडता येतील? चौथीतला पोरगाही सांगेल, चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे चोवीस. आपल्या शास्त्रकारांनी या चोवीस मांडण्यांना चोवीस नावे दिली. संध्या करणारांना ही नावे तोंडपाठ असतात: केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः, गोविंदाय नमः, इथपासून थेट श्रीकृष्णापर्यंत. आचमन करताना आपण ती भरभर म्हणून मोकळे होतो, पण त्यातले प्रत्येक नाव म्हणजे एक वेगळी मूर्ती आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'त मूर्तींची लक्षणे दिली आहेत. पुढे पंधराव्या शतकात मेवाडातील सूत्रधार मंडन याने 'रूपमंडन' लिहिले, त्यातही हा चोवीस मूर्तींचा क्रम आहे. पुराणापुराणांत एखाद्या नावाचा फरक पडतो, पण रीत एकच.

ही रीत अवघड नाही. देवाच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करायची. मग उजवा वरचा, मग डावा वरचा, आणि शेवटी डावा खालचा. देवाचा उजवा हात आपण समोर उभे राहिलो की आपल्या डावीकडे येतो, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे डोळा खालून डावीकडे वर चढतो, पलीकडे जातो आणि उजवीकडे खाली उतरतो. आपण देवळाला प्रदक्षिणा घालतो ती याच दिशेने. या क्रमाने पद्म, गदा, चक्र, शंख आले की तो त्रिविक्रम. चक्र, शंख, पद्म, गदा आले की मधुसूदन. शंख, पद्म, गदा, चक्र असा क्रम लागला की नारायण.

आता आपला देव. पुजारीबुवांनी परवा वस्त्रे उतरवली तेव्हा समितीच्या मंडळींनी समई धरून पाहिले. उजव्या खालच्या हाताचा पंजा आपल्याकडे वळलेला आहे आणि त्यावर बारीक कमळ कोरलेले आहे. शेंदूर-तेलाच्या थराखाली ते जवळजवळ दिसेनासे झाले होते. वरच्या उजव्या हातात शंख, वरच्या डाव्यात चक्र, आणि डाव्या खालच्या हाताखाली जी जाड काठीसारखी वस्तू आहे ती गदा. पद्म, शंख, चक्र, गदा. चोवीस नावांतले पहिले नाव, केशव.

तिरुपतीच्या व्यंकटेशाचे ध्यान निराळे. तिथे वरच्या दोन हातांत शंख-चक्र आहेत, खालचा उजवा हात वर देणारा आणि खालचा डावा हात कमरेपाशी टेकलेला. गदा नाही, हातात कमळ नाही. आपल्या मूर्तीचा उजवा पंजा पुढे वळलेला असल्यामुळे तो आशीर्वादाचा हात वाटला, आणि वरचे शंख-चक्र तर जुळतातच. तेव्हा आपल्या पूर्वजांनी बालाजी ओळखला यात नवल नाही. शिवाय आपल्या मुलखात बालाजीची भक्ती मोठी. देऊळगावराजाची आश्विनातली यात्रा आणि तिथला लाटांचा मंडप पाहिला नाही असा माणूस या सभेत विरळाच असेल. वाशीमलाही बालाजी. त्यामुळे वऱ्हाडात शेत नांगरताना किंवा विहीर खणताना उभी विष्णूची मूर्ती निघाली की लोक हात जोडून 'बालाजी निघाले' असेच म्हणतात. नाव भक्तीने दिले आहे, ते राहू द्यावे. हात मात्र शिल्पकाराने दिले आहेत.

मेहकरचा शारंगधर बालाजी आपण सर्वांनी पाहिला आहे. सन १८८८ मध्ये जमिनीतून निघालेली ती मूर्ती, काळ्या पाषाणाची, सुमारे अकरा फूट उंच. तिच्यापुढे उभे राहिले की मान वर करूनच दर्शन घ्यावे लागते. 'शारंगधर' म्हणजे शार्ङ्ग नावाचे धनुष्य धारण करणारा. ते धनुष्य काही या चार वस्तूंत मोडत नाही, म्हणजे तेही नाव भक्तांच्या मुखातले. पुढच्या खेपेला मेहकरला गेलात की उजव्या खालच्या हातापासून स्वतःच वाचून पाहा. मी आधी सांगून तुमचा आनंद घालवत नाही.

मेहकरची मंडळी त्या वेळची एक हकीकत सांगतात. मूर्ती सापडल्याची वर्दी इंग्रज सरकारला लागली आणि मूर्ती विलायतेला नेण्याचा बेत झाला. सरकारी माणसे येण्याच्या आत गावकऱ्यांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठा करून पूजा सुरू केली. प्रतिष्ठित देव उचलण्याचे धाडस मग कोणी केले नाही. ही हकीकत तोंडोतोंडी आलेली आहे. पण दहाच वर्षांपूर्वी, १८७८ मध्ये, जमिनीत सापडलेल्या वस्तूंबद्दलचा निखात निधीचा कायदा झाला होता आणि अशा वस्तूंची वर्दी कलेक्टरकडे द्यावी लागे, हे कागदावरचे सत्य आहे. तेव्हा गावकऱ्यांच्या मनात धास्ती का होती ते समजते. मला त्यात मोठे वाटते ते हे, की ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा माणसांनीही आपल्या हाती काय आले आहे ते ओळखले.

लोणारची गोष्ट याच्या उलट आहे. तिथला देव दैत्यसूदन. चोवीस नावांत मधुसूदन आहे, पण दैत्यसूदन नाही. स्कंदपुराणाच्या प्रभासखंडात दैत्यसूदनाचे माहात्म्य येते, पण ते सौराष्ट्रातल्या प्रभासक्षेत्राचे. आपल्या लोणारचा दैत्यसूदन तिथल्या कथेतून उभा राहिला. लवणासुर भूमीच्या पोटात दडून बसे आणि वर येऊन लोकांना छळी. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, असुराच्या बहिणींकडून त्याच्या विवराचा ठाव काढला, विवराचे झाकण पायाच्या अंगठ्याने भिरकावून दिले आणि त्याला मारले. ते विवर म्हणजे लोणारचे सरोवर आणि खारे पाणी म्हणजे असुराचे रक्त. रामायणातला लवणासुर निराळा बरे का, त्याला शत्रुघ्नाने मधुवनात मारला. कीर्तनात कधी कधी दोघांची सरमिसळ होते म्हणून सांगितले.

आकाशातून उल्का आदळून बसाल्टच्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर झाले असे शास्त्रज्ञ सांगतात. २०२० मध्ये ते रामसर यादीतही गेले. मला कथा आणि शास्त्र यांत भांडण दिसत नाही. आभाळातून काही येते, जमीन फाटते, खारे पाणी उरते, हे तर दोन्हीकडे आहे.

तिथले देऊळ ताऱ्याच्या आकाराच्या पायावर रचलेले आहे, भिंतीवर वीतभर जागा कोरीव कामाविना नाही. मात्र गाभाऱ्यातली मूळ मूर्ती राहिली नाही, आजची मूर्ती नागपूरकर भोसल्यांनी बसवली असे सांगतात. तिथे नाव राहिले आणि मूर्ती गेली. आपल्या गावात मूर्ती राहिली आणि नाव गेले. कोणते नुकसान मोठे ते ज्याने त्याने ठरवावे. आपले नुकसान भरून निघण्याजोगे आहे, कारण दगडावर अजून वाचता येते.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. जून २०२४ मध्ये सिंदखेडराजाला लखुजीराजे जाधवांच्या समाधीच्या छत्रीचे काम चालले असताना पुरातत्त्व खात्याला जमिनीखाली शेषशायी विष्णू सापडला. शेषावर पहुडलेला देव, पायाशी लक्ष्मी, आणि समुद्रमंथनाची चित्रेही त्या शिल्पात कोरलेली. लांबी १.७० मीटर, उंची एक मीटर. तो दगड आपल्याकडचा काळा बसाल्ट नव्हे. तो क्लोराइट शिस्ट जातीचा, दक्षिणेत होयसळांच्या मूर्तींना वापरतात तसा आहे, असे खात्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. आपल्या जिल्ह्यात खणाल तिथे बसाल्ट लागतो. म्हणजे तो देव कुणीतरी दूरवरून आणला असला पाहिजे. मूर्ती गावाबाहेर नेऊ नये, इथेच राहावी, अशी मागणी तिथल्या लोकांनी केली. मेहकरच्या १८८८ ची आठवण झाली. फरक इतकाच की या वेळी खणणाऱ्यांनी प्रत्येक थराचे माप घेतले, दगडाची जात तपासली, फोटो काढले. ते मेहकरला कुणी केले नव्हते. देव गावात राहावा ही मागणी रास्त, पण मापे घेणाऱ्यांना गावाने शत्रू मानू नये.

आता पुन्हा आपल्या चांदीकडे येऊ. माझे मत स्पष्ट सांगतो, निर्णय समितीचा आणि देणगीदारांचा. चांदीचे हात करू नयेत. दगडावर तांब्या-चांदीचे साचे घट्ट बसवले की आत ओल धरते, आणि मुख्य म्हणजे कमळ व गदा कायमची झाकली जातात. दोन पिढ्यांनी आपल्या नातवंडांना देव फक्त चांदीचाच ठाऊक राहील. प्रभावळीचेही तेच. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ज्या बोटभर उंचीच्या आकृत्या आहेत त्या नक्षी नव्हेत, ते दशावतार आहेत. मत्स्य, कूर्म, वराह तर हाताला लागतात. चांदीची प्रभावळ त्यावर आली की दहाही अवतार अंधारात. त्याच चांदीचा मुकुट, पादुका आणि पूजेची उपकरणे होतील, आणि एक लहान उत्सवमूर्ती होईल. रोजचा दूध-दह्याचा अभिषेक त्या उत्सवमूर्तीवर घालावा आणि पाषाणाच्या मूर्तीला स्वच्छ पाण्याचे स्नान व कोरडे पुसणे पुरे, म्हणजे ती टिकेल. उत्सवमूर्ती घडवताना मात्र हातांचा क्रम केशवाचाच ठेवण्यास सोनाराला बजावून सांगावे. आयुधे उलटसुलट झाली तर देवाचे नावच बदलते, हे आता आपल्याला ठाऊक झाले आहे.

सभामंडपाच्या जुन्या खांबांना ऑइलपेंट द्यायचे आणि गाभाऱ्याला टाइल्स बसवायच्या असेही घाटते आहे. पंढरपूरला २०२४ मध्ये गाभाऱ्यातला ग्रॅनाइट आणि चांदी काढून जुना दगड पुन्हा उघडा केला. त्याच कामात देवळातल्या तळघरात विष्णूच्या मूर्ती, महिषासुरमर्दिनी, पादुका आणि नाणी मिळाली. पंढरीनाथाच्या देवळातून जे काढून टाकले ते आपण पैसे मोजून बसवायचे, हे काही मला पटत नाही. पाहिजे तर टाइल्स धर्मशाळेला लावा, तिथे त्यांचा उपयोग आहे.

निंबाखाली जे फुटके दगड गोळा करून ठेवले आहेत, त्यांत एक गरुडाचा आहे आणि दोन वीरगळ आहेत. भंगलेली मूर्ती पुजू नये ही आपली जुनी रूढी, ती पाळावी. पण म्हणून नदीच्या डोहात सोडू नये, आणि नव्या ओट्याच्या पायात तर मुळीच भरू नये. देवळाच्या उत्तरेला भिंतीलगत सिमेंट न लावता उभे करून ठेवावेत आणि पुरातत्त्व खात्याला कळवून त्यांची नोंद करवून घ्यावी. त्यांना कुणी घेऊन जाईल अशी भीती असेल तर नोंद हाच त्यावर उपाय आहे. ज्याची नोंद नाही तेच रात्रीतून जाते.

एक शेवटचे. चोवीसांपैकी पहिली बारा नावे बारा महिन्यांना वाटून दिलेली आहेत. मार्गशीर्षाचा केशव, पौषाचा नारायण, माघाचा माधव, असे. आपल्याकडे बालाजीचा उत्सव आश्विनात होतो तो होतच राहो. पण मार्गशीर्ष हा केशवाचा महिना आहे. तेव्हा त्या महिन्यात एका एकादशीला भजनी मंडळींनी केशवनामाचा जागर करावा अशी माझी विनंती आहे. त्या रात्री वस्त्रे थोडी बाजूला सारून, शाळेतल्या मुलांना चार-चारच्या रांगेने आत सोडावे आणि हातातल्या वस्तू त्यांच्याकडून वाचून घ्याव्यात. समई देवाच्या डाव्या बाजूला, जरा खाली धरावी. समोरून उजेड टाकला तर सगळे सपाट दिसते. बाजूने टाकला की तळहातावरचे कमळ आपोआप उठून येते.