लोकप्रिय संस्कृतीच्या परिषदा आणि त्यांतील गैरहजर माणूस

(सोलापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘लोकप्रिय संस्कृतीचा अभ्यास’ या विषयावर विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून परिषदांची व चर्चासत्रांची रेलचेल चालू आहे. तमाशा, लावणी, चित्रपट, जत्रा यांचे नाव काढताच जेथे नाके मुरडली जात, तेथे आता त्यांवर निबंध वाचले जातात. याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. एखाद्या मालाचे उत्पादन एकाएकी वाढले की त्याला मागणी कोठून आली हे पाहण्याची मला खोड आहे.

ही मागणी केवळ ज्ञानाच्या भुकेतून आलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकाच्या बढतीची सांगड गुणांकांशी घातली. २०१८ मध्ये आकडे बदलले, तत्त्व कायम राहिले : निबंधवाचनाला देशात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५ गुण, राष्ट्रीय परिषदेत ३, राज्य पातळीवर २. मग जो तो ‘आंतरराष्ट्रीय’ परिषद का भरवतो हे निराळे सांगायला नको. दहा मिनिटांचा निबंध, प्रमाणपत्र, भोजन आणि परतीची गाडी! यात दोष एकट्या अध्यापकाचा नव्हे. तासिका तत्त्वावर राबणारा तरुण नोंदणी शुल्क खिशातून भरतो, तेव्हा तो हे गुण अक्षरशः विकत घेत असतो.

या बाजारात गैरहजर असतो तो ज्याच्या संस्कृतीचा अभ्यास चालला आहे तो माणूस. शाहिरांना, लावणी कलावंतांना बोलावीत नाहीत असे नाही. पण ते बहुधा संध्याकाळी, करमणुकीसाठी. दिवसा त्यांच्याविषयी बोलायचे आणि रात्री त्यांना नाचवायचे, अशी ही श्रमविभागणी आहे. पंढरपूरला जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला, परंतु २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा इस्पितळाचे बिल देणग्यांतून भागवावे लागले. फडाला मिळणारी उचल, सावकाराचे व्याज, हंगामाबाहेरचे रिकामे महिने, यांवाचून तमाशाचा अभ्यास कसा होणार? शर्मिला रेगे यांनी २००२ मध्येच लावणी-पोवाड्यांवरील निबंधात जात आणि स्त्री यांचा प्रश्न मध्यभागी आणला. संदर्भसूचीत त्यांचे नाव घालणारे पुष्कळ, त्या वाटेने चालणारे थोडे.

या विद्याशाखेचा उगम मात्र परिषदेत झालेला नाही. इंग्लंडात रेमंड विल्यम्स, रिचर्ड हॉगार्ट आणि ई. पी. थॉम्पसन हे तिघेही विद्यापीठाच्या भिंतींबाहेर प्रौढांचे वर्ग घेत होते. हॉगार्टने १९६४ साली बर्मिंगहॅमचे केंद्र काढले ते या अनुभवाच्या शिदोरीवर. त्याचा वारसा चालवणारा विभाग विद्यापीठाने २००२ मध्ये बंद करून टाकला, हेही ध्यानात ठेवावे.

आणि आपल्याकडे? बार्शीचे अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशाचा अभ्यास केला तो तमाशा बदलून. अण्णाभाऊंनी गणातील गणेशाच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले, गौळणीला फाटा दिला. सेवा दलाच्या कलापथकानेही लोकनाट्य हाती घेतले. निळू फुले, दादा कोंडके त्याच मुशीतले. पुढे दादांच्या चित्रपटांना कष्टकऱ्यांनी डोक्यावर घेतले तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ‘अश्लील’ एवढे म्हणून विषय संपवला. तो प्रेक्षक नेमका कशाला हसतो आहे, हे विचारायला कोणी गेले नाही. (मला स्वतःला ते विनोद आवडत नाहीत, पण माझी आवड हा येथे पुरावा नव्हे.)

आता आपल्या गावाकडे पाहा. शाहीर राम जोशी येथलाच. १८७७ पासून येथे गिरणीचा भोंगा वाजू लागला. जुनी मिल १९६० च्या दशकातच बंद पडली, लक्ष्मी-विष्णूही १९९० च्या दशकात गेली. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या कामगारांनी मेळे, भजनी मंडळे आणि चाळीतली नाटके यांतून जे उभे केले, ते ज्यांच्या आठवणीत आहे ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. परिषदेच्या इतिवृत्तात ती नाहीत. हे काम होऊ शकते याचा दाखला आहे : हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि ओवीबरोबर गाणारणीचे नाव व गाव टिपले गेले.

म्हणून शहरात यापुढे असे चर्चासत्र भरेल तेव्हा आपण आयोजकांना भेटावे. एक सत्र पूर्व भागात, यंत्रमागाची पाळी सुटल्यावर ठेवा. तेथे विडी कामगार भगिनी तेलुगूत बोलतील, दुभाष्या आपण देऊ. बोलणाऱ्याला मानधन बीजभाषण करणाऱ्या प्राध्यापकाइतकेच मिळाले पाहिजे, आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्याच्या घरी गेली पाहिजे. याचा मसुदा मी लिहून आणला आहे. ज्यांना सही करावयाची आहे त्यांनी सभेनंतर थांबावे.