लाल गोळी, खारं पाणी आणि नववा महिना

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची रांग लागते. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा हा ठरलेला दिवस. अमरावतीचं डफरीन घ्या, अकोल्याचं लेडी हार्डिंग घ्या, नाहीतर खेड्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र. वजन होतं, रक्तदाब होतो, रक्त तपासलं जातं. ‘काही त्रास?’ या प्रश्नाला बहुतेकींचं उत्तर एकच, ‘नाही.’ खरा त्रास बाहेर, बाकड्यावर, शेजारणीच्या कानात सांगितला जातो: ‘गोयी घेतली का पोट कडक होते वो बाई.’

म्हणून आज बद्धकोष्ठ आणि त्यातून येणारी मूळव्याध हे शब्द या मंडपात मोठ्यानं उच्चारायचे आहेत. श्रोत्यांत पुरुष जास्त दिसतात, हे तर फारच बरं झालं.

गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं. गर्भाशयाचा स्नायू अवेळी आकसू नये, हे त्याचं काम. पण त्याचा अंमल तेवढ्यावर थांबत नाही. आतड्याचे स्नायूही सैलावतात. अन्न रेंगाळतं, मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि मळाचे खडे होतात. सातव्या महिन्यानंतर वाढलेलं गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर दाब देतं. अंगातलं रक्त एव्हाना ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं. खालून वर जाणारं रक्त तुंबतं, गुदद्वाराच्या शिरा फुगतात आणि त्यात रोजचं कुंथणं आलं की मोड बाहेर येतो. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत साधारण तीन-चार गर्भवतींत एकीला मूळव्याध आढळते. म्हणजे हा कोणा एकीचा दोष नाही आणि ‘तिखट फार खाल्लं’ एवढ्यावर भागण्यासारखाही नाही.

आता ती गोळी. २०१८ पासूनच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज एक लाल गोळी घ्यायची: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. यातल्या फॉलिक ॲसिडचं महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गर्भवतींचं रक्त इतकं का आटतं, याचा शोध ती हाफकिन संस्थेत घेत होती. यीस्टच्या अर्कानं त्या बायका सुधारतात, हे तिनं दाखवून दिलं. अर्कातला तो गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड, हे पुढं १९४० च्या दशकात उलगडलं.

इतक्या मोलाची गोळी, पण लोहानं पोट बांधलं जातं आणि शौच काळं होतं. काळं पाहून बाई घाबरते, कडक झालं की वैतागते आणि गोळ्यांची पट्टी तांदळाच्या डब्यामागं जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता आणि १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता २६ टक्केच होत्या. गोळी सुटायला कारणं पुष्कळ आहेत, पण त्यातलं एक संडासात आहे आणि ते कुणी विचारत नाही. बद्धकोष्ठाची बडबड ही किरकोळ कुरकुर नव्हे, ती थेट रक्ताची गोष्ट आहे, असं या वक्त्याचं म्हणणं आहे.

गोळी सोडू नये, त्रास डॉक्टरांना सांगावा. काळं शौच लोहामुळं असतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. फारच त्रास झाला तर वेळ, मात्रा किंवा प्रकार डॉक्टर बदलून देतात, गरज पडली तर शिरेतून लोह देतात. कॅल्शियमची गोळी मात्र लोहासोबत घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं. चहाही गोळीपासून लांबच. लिंबू चालतं, उलट मदतच करतं.

बद्धकोष्ठावर ‘पाणी प्या’ असं सगळेच सांगतात. वऱ्हाडात हा सल्ला देणाऱ्यानं आधी पूर्णेच्या खोऱ्यात जाऊन यावं. दर्यापूर, भातकुलीपासून अकोट, तेल्हारा, बाळापूर आणि पुढं बुलढाण्यापर्यंत खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. वान धरणाच्या पाण्यावर ८४ खेडी योजना उभी राहिली ती याचसाठी. जिथं नळाला रोज पाणी नाही तिथं जार विकत येतो, आणि विकतच्या पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, हे घरोघर ठाऊक आहे. त्यात अकोल्याचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास. घामावाटे जेवढं जातं तेवढंही पोटात जात नाही. नवव्या महिन्यातल्या बाईला दिवसाला आठ-दहा पेले पाणी लागतं. घरच्यांनी तिचा तांब्या वेगळा भरून ठेवला तर औषधाचं निम्मं काम तिथंच होतं.

पाणी कमी पिण्याचं आणखी एक कारण आहे. वारंवार जावं लागू नये म्हणून, कारण संडासाची सोय धड नसते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला. त्यांच्या नावानं २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. संडास पुष्कळ बांधले गेले. पण दार न लागणारा, पाणी नसलेला संडास कामाचा नाही. अंधार पडेपर्यंत दाबून ठेवायची सवय तशीच राहते. दाबून ठेवलेला मळ आणखी सुकतो. न्याहारीनंतर आतडं आपोआप जोर धरतं. त्या अर्ध्या तासात तिला कामाला न जुंपता मोकळीक द्यावी. उकिडवं बसणं चांगलं, पण मोठ्या पोटानं तोल जातो, म्हणून धरायला भिंतीत एक दांडी ठोकावी. कमोड असेल तर पायाखाली ठेंगणं स्टूल ठेवावं. कुंथू नये. मोबाइल घेऊन बसू नये, हे सुनेइतकंच मुलालाही लागू.

खाण्यात वऱ्हाडाचं एकेकाळी बरं होतं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. ज्वारीच्या शेतात सोयाबीन आलं आणि ताटात रेशनचा तांदूळ. भाकर परत आणणं अवघड नाही. वरुड-मोर्शीच्या संत्र्याचा रस काढण्यापेक्षा फोड सालपटासकट खावी. मोसम नसेल तेव्हा काकडी, टरबूज, मोड आलेली मटकी, पालेभाजी. आहार बदलून भागलं नाही तर गव्हाचा कोंडा घ्यावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं. हाच कोंडा आपण चाळून गायीपुढं टाकतो, आणि गाय बिचारी कधी तक्रार करत नाही. कोंडा हळूहळू वाढवावा, नाहीतर पोट फुगतं. इसबगोल चालतं, पण सोबत भरपूर पाणी हवं.

चालत नाही ते एरंडेल. ‘शेवटच्या महिन्यात दिलं की बाळंतपण सोपं जातं’ हा जुना समज, पण एरंडेलानं जुलाबाबरोबर कळाही सुरू होऊ शकतात. सोनामुखीसारखी कडक रेचकंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘मूळव्याध, भगंदर, हमखास इलाज’ असं रंगवलेल्या पाटीखालच्या माणसाकडं गर्भवतीनं तर अजिबात जाऊ नये.

मोड दुखत असेल तर टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसावं, दिवसातून दोन-तीनदा. ठणका असेल तर फडक्यात गुंडाळून थंड शेक. झोपताना डावी कूस. मलम डॉक्टरांनी दिलेलंच. गाठ एकाएकी निळसर, टणक होऊन बसवत नसेल तर त्याच दिवशी दाखवावं.

रक्ताचं मात्र नीट पाहावं लागतं. शौचानंतर लालभडक चार थेंब मूळव्याधीचे असू शकतात, तरी दाखवायला हवेत. योनीमार्गातून रक्त जात असेल तर ती मूळव्याध नव्हे. कुठून जातंय हे कळत नसेल तर कळेपर्यंत थांबू नये, १०८ ला फोन करावा.

बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बहुतेक मोड आपसूक बसतात. पण टाक्यांच्या धाकानं बाळंतीण पहिले दोन-तीन दिवस शौचाला जायचं टाळते, आणि नेमकं तेव्हाच काही घरांत तिचं पाणी आणि पालेभाजी तोडली जाते. लाल गोळी तर बाळंतपणानंतरही १८० दिवस चालू ठेवायची असते. आशाताई बाळाचं वजन करायला घरी येतील, तेव्हा आईला संडास साफ होतो का, हे त्यांना सासूबाईंनीच सांगावं.