देणगीदारांची यादी छापताना
(स्मरणिका समितीच्या नव्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्मरणिका हातात पडली की बडोद्यातला आपला मराठी माणूस आधी कोणते पान उघडतो? संपादकीय नाही, अध्यक्षांचे मनोगत तर नाहीच. (अध्यक्षांनी क्षमा करावी.) तो देणगीदारांची यादी उघडतो आणि आपल्या घरचे नाव शोधतो. एखाद्या आजींनी यजमानांच्या नावाने एकशे एक रुपये दिलेले असतात. त्यांचे नाव पानाच्या तळाशी आणि ‘यांच्या स्मरणार्थ’ ही ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर गेली, तर त्या काही बोलत नाहीत, पण त्यांना ते लागते. म्हणून आज आम्ही समितीतर्फे फक्त तक्त्यांबद्दल बोलणार आहोत.

आपला मजकूर एका फाइलीत असतो आणि तो कसा दिसावा याचे नियम दुसऱ्या फाइलीत. ही दुसरी फाइल म्हणजे स्टाइलशीट. वेबसाठी ही कल्पना होकोन व्यूम ली यांनी १९९४ साली मांडली. १९९८ च्या सीएसएस-२ मध्ये तक्त्यांचे आणि छापील पानांचे नियम आले. पुढे ली आणि बर्ट बॉस यांनी आपल्या सीएसएसवरच्या पुस्तकाची २००५ ची आवृत्ती याच पद्धतीने पाने लावून छापली. तेव्हा आपली स्मरणिका अशी निघणे यात काही नवल नाही.

आता मुख्य गोष्ट. स्तंभांची रुंदी कोणी ठरवायची? काहीच सांगितले नाही, तर संगणक सगळ्या ओळी वाचतो आणि मजकुरावरून रुंदी ठरवतो. याला ऑटो म्हणतात. मग यादीत एखाद्या लांबलचक नावाच्या कंपनीची देणगी आली की त्या एका नावापायी साऱ्या यादीतला गावाचा स्तंभ आक्रसतो. उद्या ते नाव काढले की सगळे पुन्हा हलते. शेवटच्या आठवड्यात, देणग्या येतच असताना, हे परवडत नाही.

आपल्या घरातला सर्वांत ओळखीचा तक्ता म्हणजे पंचांग. गणपत कृष्णाजींनी मुंबईत छापील पंचांग काढले, तेव्हापासून हा तक्ता घरोघरी आहे. पंचांगात घर आधी आखलेले असते आणि नक्षत्राचे नाव त्या घरात बसेल इतके आखूड केले जाते. आपल्यालाही तेच करायचे आहे. त्यासाठी ‘टेबल-लेआउट’ला ‘फिक्स्ड’ सांगायचे आणि तक्त्याची एकूण रुंदीही सांगायची. रुंदी सांगितली नाही, तर फिक्स्ड लागू होईलच असे धरू नका.

हिशोब साधा आहे. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद. शिवणीच्या बाजूला २० आणि बाहेर १० सोडले की १८० उरतात. अनुक्रमांकाला १२, नावाला ९८, गावाला ४०, रकमेला ३०. मापे मिलिमीटरमध्येच द्या, पिक्सेल पडद्यासाठी ठेवा.

जमाखर्चाच्या पत्रकात मात्र एक खोच आहे. फिक्स्ड असताना संगणक फक्त पहिली ओळ पाहतो. आपल्या पत्रकाच्या पहिल्या ओळीत ‘जमा’ आणि ‘खर्च’ ही दोनच मोठी घरे असतात, प्रत्येकाखाली तपशील आणि रक्कम. संगणक त्या मोठ्या घराचे सरळ दोन सारखे भाग करतो. तपशिलाला जागा पुरत नाही आणि रकमेपुढे मैदान मोकळे! म्हणून तक्त्याच्या आरंभीच ‘कोल-ग्रुप’ लिहून चारही स्तंभांची रुंदी वेगवेगळी नोंदवा. मग पहिल्या ओळीला विचारण्याची गरजच राहत नाही.

फिक्स्डची किंमतही आहे. न तुटणारा लांब शब्द घराबाहेर पडून शेजारच्या रकमेवर चढतो. ‘ओव्हरफ्लो-रॅप’ने तो तोडता येतो, पण जोडाक्षर नको तिथे तुटण्याची भीती असते. आमच्या मते अशी पाच-दहा नावे हातानेच दोन ओळींत करावीत.

दोन ओळींचे नाव आले की रक्कम घराच्या मधोमध तरंगते, कारण ब्राउझरची मुळातली सवयच तशी आहे. ‘व्हर्टिकल-अलाइन’ला ‘बेसलाइन’ सांगा, म्हणजे रक्कम नावाच्या पहिल्या ओळीशी बसेल. आपल्या यादीत मराठी नावांशेजारी गुजराती नावेही असतात, दोन्हींचे फॉन्ट वेगळे, तिथेही याचा उपयोग होतो. रकमा उजवीकडे सरकवा, एकम् खाली एकम् आला पाहिजे. अंकांची रुंदी सारखी ठेवण्याची सोय असलेलाच फॉन्ट निवडा, नाहीतर देवनागरी १ आणि ९ एकमेकांखाली नीट बसत नाहीत.

आता पान तुटण्याचे. ओळीला ‘ब्रेक-इन्साइड: अव्हॉइड’ दिले की आजींचे नाव दुभंगत नाही. हाच नियम सबंध यादीला मात्र देऊ नका. यादी एका पानात मावणारी नसते, म्हणून ती अर्धे पान कोरे सोडून पुढे सरकते आणि शेवटी तुटतेच. मथळ्याची ओळ ‘टी-हेड’मध्ये ठेवली की ती प्रत्येक पानावर आपोआप येते.

हे पाहून बेरीज ‘टी-फूट’मध्ये ठेवावीशी वाटेल. ठेवू नका. तीही प्रत्येक पानाच्या तळाशी छापली जाते आणि वाचणाऱ्याला वाटते, ही या एका पानाची बेरीज. सर्वसाधारण सभेत त्यावर कोण उभे राहील, ते तुम्ही ओळखता! बेरीज शेवटच्या तीन-चार ओळींबरोबर एका वेगळ्या ‘टी-बॉडी’त बांधा आणि त्या टी-बॉडीला न तुटण्याचा नियम द्या. म्हणजे ती एकटी कोऱ्या पानावर जाणार नाही. वहीतल्यासारखे ‘मागील पानावरून’ हवे असेल, तर तो आकडा कोषाध्यक्षांकडूनच घ्यावा लागेल. बेरजा करणे स्टाइलशीटचे काम नव्हे.

रंगीत पट्ट्यांच्या नादी लागू नका. छापताना ब्राउझर पार्श्वभूमीचे रंग सहसा गाळतो. अर्ध्या पॉइंटची रेघ पुरे.

आता पडद्यावर यादीची फाइल उघडतो आहोत. मागे बसलेल्यांनी पुढे यावे, अक्षरे बारीक आहेत.